वणवा, दुष्काळ आणि डोंगरावरचा देव

पुण्याच्या आसपास देव नाही असा डोंगर सापडणं अवघड. वेताळ टेकडीवर वेताळ, तळजाईवर तळजाई, चतुःशृंगी, पर्वती, बाणेरची तुकाई, दिवे घाटाच्या बाजूला कानिफनाथ, यवतजवळ भुलेश्वर, देहूजवळ भंडारा. आणि यातले बरेचसे डोंगर उन्हाळ्यात कधी ना कधी पेटतात. वन खात्याच्या हिशेबात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. नेमक्या याच महिन्यांत पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर, शिरूर या पट्ट्यात टँकरच्या फेऱ्या सुरू होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात हे पाचही तालुके होते.

डोंगर जळतो, धूर खाली वस्तीत उतरतो, विहीर तळ गाठते, आणि मग पारावर प्रश्न निघतो: देव कोपलाय का? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ज्याच्या गोठ्यात जनावरं उपाशी आहेत तो माणूस तो मनापासून विचारत असतो. पण उत्तर शोधताना डोंगरावर आणि विहिरीपाशी काय घडतंय ते आधी नीट बघायला हवं. आमच्या परंपरेत उधळपट्टीचे विधी आहेत तसे काटकसरीचेही आहेत, आणि दुष्काळात कोणते पाळायचे हे आपल्या हातात असतं. बाकीचं सगळं या एका मुद्द्याच्या आधारानं लिहितो आहोत.

जाळल्यानं गवत चांगलं येतं?

वणवा आपोआप लागत नाही. वीज पडून लागणारी आग आपल्याकडे क्वचित, कारण विजा येतात तेव्हा बहुतेक वेळा पाऊसही येतो. फेब्रुवारी-मार्चमधली आग माणूसच लावतो: विडी-सिगारेटचं थोटूक, बांध जाळताना सुटलेली ठिणगी, टेकडीवरची पार्टी, आणि मुद्दाम लावलेली काडी. मुद्दाम लावण्यामागे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला समज आहे की डोंगर जाळला की पुढच्या पावसाळ्यात गवत जोमानं येतं. हा समज मोडायचा तर तो कुठून आला ते समजून घ्यावं लागतं, नुसतं "अडाणीपणा" म्हणून भागत नाही.

जाळलेल्या जागी पहिल्या पावसानंतर हिरवा कोंब लवकर दिसतो हे खरं. जुनं वाळकं गवत गेल्यामुळे ऊन थेट जमिनीवर पडतं, काळी जमीन तापते, कोंब लवकर फुटतो, आणि मध्ये वाळलेल्या काड्या नसल्यानं तो लांबूनही नजरेत भरतो. पण काय फुटलंय ते बसून बघा. बहुतेक कुसळी असते. कुसळीचं बी आगीला पुरून उरतं. तिच्या कुसळाला पीळ असतो, हवेतल्या ओलीनं तो सुटतो, वाळल्यावर परत बसतो, आणि असं फिरत फिरत टोकदार बी मातीत घुसतं. वरून आग गेली तरी मातीतलं बी शाबूत राहतं. मारवेल आणि पवन्यासारख्या, जनावरं आवडीनं खातात त्या गवतांना दरवर्षीची आग झेपत नाही. म्हणजे दरसाल जाळलेल्या डोंगरावर गवत येतं, पण चाऱ्याचं कमी आणि तोंडात टोचणारं जास्त. शेळ्यामेंढ्यांच्या लोकरीत आणि हिरड्यांत कुसळं रुततात हे धनगरांना सांगायला नको.

राखेचं खत होतं म्हणतात. राखेत पालाश आणि चुना राहतो, नत्र मात्र धुरातून उडून जातं. आणि उतारावरची राख तिथं थांबत नाही, वळवाच्या पहिल्या सरीत वाहून जाते. इथंच वणवा आणि दुष्काळ एकमेकांना भेटतात. गवताचं आच्छादन गेलेल्या मातीवर पावसाचा थेंब थेट आपटतो, बारीक कण भोकांत बसतात, वर कडक पापडी धरते. पाणी मुरायचं सोडून धावायला लागतं. सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उतारावर आडवे खणलेले चर, पहिल्याच पावसात गाळानं भरतात, खालचा बंधारा उथळ होतो. पानशेत, वरसगाव, टेमघरच्या वरचे डोंगर जळले की तो गाळ कुठं जातो हे सांगायला नकोच. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी आहे, आणि गाळ त्यातलीच जागा खातो.

गवताचा खरा उपयोग हवा असेल तर ते ऑक्टोबरमध्ये फुलोऱ्यात असताना कापावं. तेव्हा कुसळीचाही चारा होतो, कुसळ अजून कडक झालेलं नसतं. भारे बांधून गंजी लावली की दोन कामं होतात: चैत्र-वैशाखात जनावरांना काहीतरी मिळतं, आणि डोंगरावर जळायला कमी उरतं.

देवळाभोवतीची जाळरेषा

डोंगरावरच्या देवळाला आगीपासून सांभाळायचं तर काम दिवाळीनंतर लगेच सुरू व्हावं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपावं. देवळाच्या चहूबाजूंनी गवत पूर्ण काढलेला पट्टा, म्हणजेच जाळरेषा, हवा. गवत दोन-तीन फूट उंच असेल तर सपाटीवर किमान ३ मीटर रुंद. ज्या बाजूनं उतार खाली जातो त्या बाजूला ६ मीटर, कारण आग चढावर धावते. उतार साधारण १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुपटीच्या आसपास जातो. आधी विळ्यानं कापायचं, मग दाताळ्यानं ओढून माती उघडी करायची. कापलेलं गवत पट्ट्याच्या कडेला ढीग करून ठेवणं ही नेहमी दिसणारी चूक. तो ढीग पेटला की ठिणग्या पट्टा ओलांडतात. गवत खाली न्या, चाऱ्याला द्या, किंवा झाडांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून घाला आणि वर माती टाका.

पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) भरपूर लावलं गेलंय. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची पानं गळतात आणि वाऱ्यानं येऊन साफ केलेल्या पट्ट्यावर बसतात. म्हणून एकदा केलेली जाळरेषा मे अखेरपर्यंत पुरत नाही, दर पंधरा दिवसांनी खराट्यानं झाडावी लागते. पट्ट्याला लागून असलेल्या झाडांच्या जमिनीपासून ५-६ फुटांपर्यंतच्या वाळक्या फांद्याही काढा. गवतातली आग त्या फांद्यांवरूनच शेंड्यापर्यंत चढते.

गवत जाळून पट्टा तयार करायची पद्धत वन खातं वापरतं, पण ते त्यांचं काम आहे. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. कापणी करायचीही तर जमीन कोणाची ते बघून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला आधी अर्ज द्या. बहुतेक वेळा ते आनंदानं माणसं जोडून देतात.

आता देवळातल्या दिव्याचं. उदबत्ती गवतात खोचून ठेवणं, नारळाच्या शेंड्या आणि द्रोण मागे टाकणं, उघड्या चौथऱ्यावर कापूर लावून निघून जाणं, या सगळ्यातून आग लागू शकते. उपाय अगदी साधे आहेत. दिवा तीन बाजूंनी बंद असलेल्या दगडी किंवा पत्र्याच्या कोनाड्यात ठेवायचा. उदबत्तीसाठी वाळू भरलेलं पसरट मडकं ठेवायचं. शेंड्यांसाठी झाकणाचा डबा ठेवायचा. आणि दिवा विझेपर्यंत कोणीतरी तिथं बसायचं. तेवढा वेळ देवापाशी काढायची तयारी नसेल तर फेब्रुवारीनंतर टेकडीवर नुसता नमस्कार करावा आणि दिवा घरी लावावा. असं ठरवलेल्या गावात कोणाची श्रद्धा कमी झाल्याचं दिसत नाही.

होळीचंही तसंच. फाल्गुन पौर्णिमेला गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. होळी मोकळ्या मातीवर, भोवती ५ मीटर साफ करून, झाडं आणि तारांपासून लांब पेटवावी. लाकूड वाळलेलं हवं, ओलं लाकूड जळायच्या आधी धुमसतं आणि धूर खूप वाढवतं. "गोवऱ्यांची होळी म्हणजे प्रदूषण नाही" असं हल्ली सांगितलं जातं, ते मात्र खरं नाही. गोवरीचा धूर दाट असतो. झाडं वाचतात एवढाच तिचा फायदा, आणि तो मोठा आहे, पण धूर कमी करायचा तर होळीच लहान करावी लागते. गल्लीत चार होळ्या पेटवण्यापेक्षा एक पुरे.

आग दिसली तर

पहिलं काम फोन. वन विभागाचा १९२६ आणि अग्निशमन दलाचा १०१. जागा सांगताना "टेकडीवर आग लागली" एवढं पुरत नाही. कोणत्या बाजूनं रस्ता आहे, वारा कुठून कुठं, वस्ती किती जवळ, हे सांगा आणि मोबाइलवरून लोकेशन पाठवा. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीच्या सूचना पाठवतं, त्यासाठी मोफत नोंदणी करता येते. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो आणि त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो. लहान आग तेवढ्यात हाताबाहेर जाते, म्हणून माणसाच्या डोळ्याला पर्याय नाही.

गुडघ्याएवढ्या ज्वाळा असतील आणि चारपाच जण असतील तरच हात घाला. कमरेच्या वर ज्वाळा गेल्या की मागे फिरायचं. अंगावर सुती कपडे, पायात बूट. नायलॉन आणि पॉलिस्टरचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. आगीच्या तोंडासमोर किंवा तिच्या वरच्या उतारावर कधीही उभं राहू नका. जळून काळ्या झालेल्या भागातून शिरा, शेपटीकडून सुरुवात करा आणि दोन्ही कडांनी पुढं सरका. हिरव्या पानांच्या दाट डहाळीनं झोडपताना ती उंच उगारू नका, उगारली की ठिणग्या उडतात. जमिनीलगत दाबून, जळालेल्या बाजूला ओढत न्यायची. काही वनपरिक्षेत्रांत पाठीवरचे ब्लोअर आलेत, त्यांनी पालापाचोळा बाजूला उडवून झटपट रेषा काढता येते, पण तोंड उलटं धरलं तर तेच यंत्र आग भडकवतं.

आग विझली असं वाटल्यावर खरं कंटाळवाणं काम सुरू होतं. वाळलेलं शेण, पोकळ खोड, मुळं तासन् तास धुमसतात आणि दुपारच्या वाऱ्यात परत पेटतात. कडेनं फिरत तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब तपासा, ऊब लागली तर उकरून माती टाका. दोघं तरी मागे थांबलेच पाहिजेत.

धूर खाली आल्यावर

संध्याकाळी डोंगर लवकर गार होतो आणि गार जड हवा उतारावरून खाली वाहते. टेकडीवरचा धूर तिच्याबरोबर सोसायट्यांच्या खिडक्यांपर्यंत येतो आणि सकाळी सूर्य चढेपर्यंत खालीच साचून राहतो. म्हणून आग लागलेल्या दिवशी खिडक्या सूर्यास्ताच्या आधी बंद करा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उघडा. बाहेर आग अजून धुमसत असेल तर दुपारीही नको. पहाटे "ताजी हवा" म्हणून टेकडीवर चालायला जाणं अशा दिवसांत सगळ्यांत वाईट.

धुरातला घातक भाग म्हणजे पीएम २.५, फुफ्फुसात खोलवर जाणारे बारीक कण. आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची सफर यंत्रणा पुण्यातली हवा किती खराब आहे ते दाखवते. हवेचा निर्देशांक (एक्यूआय) २०० च्या वर गेला की लहान मुलं, गरोदर बायका, दमेकरी आणि हृदयविकार असलेल्यांनी बाहेरची मेहनत टाळावी. पण तुमच्या मागच्याच टेकडीवर आग असेल तर लांबच्या केंद्राचा आकडा तुमचा नसतो, तेव्हा नाकावर विश्वास ठेवा.

तोंडाला ओला रुमाल बांधणं हा जुना उपाय. नाकातोंडात जाणारी राख आणि जाडे कण तो अडवतो, पीएम २.५ अडवत नाही. एन९५ मास्क लागतो, दोन पट्ट्या डोक्यामागून, नाकावरची तार दाबून. दाढीवर तो बसत नाही, कडेनं हवा शिरते.

घरात एकच खोली राखून ठेवा, शक्यतो झोपायची. सरकत्या खिडक्यांच्या फटीत कापडाच्या पट्ट्या, दाराखाली ओला टॉवेल. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट बंद, कारण तो घरातली हवा बाहेर ढकलतो आणि तेवढीच धुराची हवा फटींतून आत ओढतो. मग फोडणी, तळणही त्या दिवशी नको, कुकरचा वरणभात करा. स्प्लिट एसी चालतो, तो खोलीतलीच हवा फिरवतो. कूलर मात्र बाहेरची हवा ओढतो, त्यामुळे बंद. दुष्काळात पाण्यासाठीही तो बंदच असलेला बरा.

एअर प्युरिफायर घेताना जाहिरातीतल्या शब्दांपेक्षा सीएडीआरचा, म्हणजे यंत्र तासाला किती हवा गाळून देतं त्याचा, आकडा बघा. १२ बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत १४४० घनफूट हवा असते. तासाला ती पाच वेळा गाळायची तर ७२०० घनफूट, म्हणजे तासाला साधारण २०० घनमीटर. एवढा सीएडीआर नसेल तर यंत्र नुसतं दिवा दाखवत बसतं. स्वस्तात करायचं असेल तर टेबल फॅनच्या मागच्या जाळीवर घड्यांचा हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण अडवणारा फिल्टर, बसवता येतो. फिल्टरवर बाण असतो, तो हवा वाहते त्या दिशेला, म्हणजे पंख्याकडे हवा. कडा चिकटपट्टीनं पूर्ण बंद करा, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते आणि बोटभर फटीतून न गाळलेली हवा जाते. फिल्टर जितका पसरट आणि घड्या जितक्या जास्त तितका पंख्यावर भार कमी. पातळ, लहान फिल्टर लावला की हवा अडते आणि मोटर तापते. अर्ध्या तासानं मोटरवर हात ठेवून बघा, चटका बसला तर हा फिल्टर त्या पंख्याला झेपत नाही. असा पंखा लावून घराबाहेर जाऊ नका, रात्रभरही चालू ठेवू नका.

आणि देवघर. उदबत्ती, धूप, गुग्गुळ, कापूर यांचा धूर पवित्र मानला तरी फुफ्फुसाला फरक कळत नाही. खिडक्या बंद असलेल्या खोलीत एक उदबत्तीसुद्धा कणांचा आकडा चढवते. अग्निहोत्रानं हवा शुद्ध होते असं सांगणारे अनेक जण पुण्यात आहेत. श्रद्धेनं करणाऱ्यांचा आदर ठेवूनच सांगतो, बंद खोलीत कोणतीही वस्तू जाळली की कण वाढतातच, तूप असो की समिधा. अंगणात करा, दमेकरी माणूस लांब असताना करा. धुराच्या दिवशी फूल, अक्षता, पाणी आणि नामस्मरण एवढ्यात पूजा पुरी होते. मानसपूजा आपल्याकडे कमी दर्जाची कधीच मानली गेली नाही.

गाभारा पाण्यानं भरायचा का?

पाऊस लांबला की काही गावांत महादेवाची पिंड पाण्यात बुडवतात, गाभाऱ्याचं दार लिंपून घागरी ओततात. त्यामागची आर्तता कळते. पण हिशेब करून बघा. ८ बाय ८ फुटांच्या गाभाऱ्यात ३ फूट पाणी म्हणजे १९२ घनफूट, साधारण ५४०० लिटर. टंचाईत टँकरनं द्यायच्या पाण्याचा ग्रामीण भागातला निकष माणशी दिवसाला २० लिटर आहे. म्हणजे २७० माणसांचं एका दिवसाचं पाणी गाभाऱ्यात गेलं.

याच महादेवासाठी परंपरेत दुसरी सोय आहे. वैशाखात पिंडीवर अभिषेकपात्र टांगतात. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसात ८६,४०० थेंब, आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सव्वाचार लिटर. अखंड चोवीस तास अभिषेक, तोही पाच लिटरच्या आत. गोमुखाखाली बादली ठेवली तर ते पाणीही बेल आणि तुळशीला मिळतं. पात्राच्या छिद्रातून दर्भ किंवा सुती दोरा ओवला की थेंब सावकाश पडतो. क्षारानं छिद्र बुजतं, आठवड्यातून एकदा लिंबू लावून धुवावं लागतं. ज्या ज्या देवस्थानात पाण्यावरून वाद होतो तिथं हा पर्याय पुजाऱ्यांसमोर ठेवा. शास्त्रातलाच असल्यानं ते सहज मान्य करतात.

धोंडी मात्र चालू राहावी असं आम्हाला वाटतं. पोराच्या अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधून "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत दारोदार फिरायचं, प्रत्येक घरानं तांब्याभर पाणी घालायचं आणि पीठमीठ द्यायचं. शंभर घरं असली तरी शंभर तांबे, म्हणजे शंभर लिटरही नाही, आणि गोळा झालेल्या शिध्यावर गाव एकत्र जेवतं. पाऊस धोंडीनं पडत नाही. पाऊस ढगांवर आहे, आणि ढग नसतील तर कृत्रिम पावसाचं विमानही काही करू शकत नाही. आयआयटीएमनं सोलापूर भागात केलेल्या प्रयोगांतही योग्य ढग मिळणं हीच पहिली अट होती. पण धोंडीच्या फेरीत कोणाच्या घरात पीठच नाही हे गावाला कळतं, आणि दुष्काळात ते कळणं फार मोलाचं आहे.

टँकरचं पाणी आलं की त्याकडे श्रद्धेनं न बघता संशयानं बघा. १०,००० लिटरला ३३ टक्के क्लोरीनची चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर २५ ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरची निवळ टाकीत ओता, अर्धा तास थांबा, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी, घ्या. पिवळा रंग यायला हवा, लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास. रंग आला नाही तर दोनच कारणं असतात: पोतं उघडं राहून पावडर मेलेली आहे, किंवा पाणी गढूळ आहे आणि गाळच क्लोरीन खातोय. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवून निवळू द्या. नुसती पावडर वाढवत गेलात तर वास येतो आणि लोक ते पाणी पिणंच सोडतात.

छतावरचं पाणी साठवणाऱ्यांनी वणव्याच्या वर्षी जास्त जपावं. छतावर राख बसलेली असते. १०० चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलीमीटर पाऊस आणि २० टक्के घट धरली तर ५६,००० लिटर मिळतात, पण पहिल्या २ मिलीमीटरचं, म्हणजे २०० लिटर, पाणी वळवून टाका. मेच्या शेवटी गच्ची कोरडी झाडून घेतली तर राखेचा बराच भाग आधीच जातो.

कोप नव्हे

१६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी गेली, मूलही गेलं. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली असं परंपरा सांगते. देव कोपला म्हणून कोणाला शिक्षा केली नाही, शेजाऱ्यांवरचं ओझं उतरवलं. दुष्काळात वारकरी घराण्यांनी काय करायचं याचं हे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. आजही सावकाराचं व्याज थांबवणं, चारा वाटून घेणं, बोअर खुली ठेवणं याला तितकीच किंमत आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदरच्या नायगावात गेले. तिथं देवस्थानची ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्यानं घेऊन त्यांनी माती आणि पाणी अडवलं, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम कडक होते. पाणी जमिनीच्या मापानं मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या मोजणीनं मिळेल, माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही हक्क. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे करत ज्या तालुक्यातून जाते, त्याच तालुक्यातलं हे काम.

पश्चिमेला मुळशी, मावळ, भोर, जुन्नरकडे देवराया आहेत. १९७० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी त्यांचा अभ्यास केला. तिथला नियम एकच: देवाच्या रानातली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. दाट सावलीत पाचोळा ओलसर राहतो, म्हणून गवताळ डोंगर पेटला तरी आग बहुधा काठालाच थांबते. हल्ली धोका दुसरीकडून आहे. जीर्णोद्धारासाठी देवळाभोवतीची झाडं तोडून फरशी घातली जाते, कडेला ऊन शिरतं, गवत वाढतं, आणि पुढच्या वणव्याला आत जायला वाट मिळते. देवराईतल्या देवळाचं काम निघालं असेल तर ट्रस्टच्या बैठकीत दोन गोष्टी लिहून घ्या: झाडाच्या पानांची सावली जिथपर्यंत पडते तिथपर्यंत फरशी नाही, आणि राईच्या गवताळ काठाला दर वर्षी जानेवारी संपायच्या आत ६ मीटरची जाळरेषा. कापणीला माणसं हवीत तर नवस बोलणाऱ्यांना विचारा. बकऱ्याऐवजी चार दिवसांचं श्रमदान बोलायला लोक तयार होतात, फक्त कोणीतरी पुढं होऊन विळे आणि जेवणाची सोय करावी लागते.